धरमपेठेतल्या खारट शेवया

व्हिनेगरचा वास आला की मला ताईच्या लग्नाआधीचा उन्हाळा आठवतो. रुखवतासाठी आई आठ दिवस शेवया वळत होती, मनगटं सुजली होती. तिला विसावा म्हणून बाबांनी आम्हाला धरमपेठेतल्या नव्या हॉटेलात नेलं. कूलरमधून वाळ्याचा गार वास येत होता. बाबांनी ऐटीत जपानी नूडल्स आणि कस्टर्ड मागवलं. व्हिनेगरचा वास मारणारी प्लेट पाहून आई थकलेलं हसली. "इथंबी शेवयाच काहून जी?" बाबा ओशाळले. तिला काटा धरवेना. तिनं वेटरला विचारलं, "कोणं वळल्या गा ह्या? लय हात दुखले असतीन तिचे." तो म्हणाला, "मशीनच्या आहेत, माई." "मंग बरं हाय," म्हणत तिनं हातानंच पहिला घास घेतला. हल्ली दमून घरी आले की मीही नूडल्सचं पाकीट फोडते. हात माझेही दुखतात. विचारणारी तेवढी नाही.