गोकुलमच्या डब्यातली बाई

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. तुम्ही म्हणाल, हा माणूस, आणि न सांगितलेली गोष्ट? खरंय. मैसूरच्या आमच्या मराठी मंडळींत लग्न असो की बारसं, पानं उठली की मला खुर्ची देतात — बस नागू, सोड आता एक. मी सोडतो. आमचे आजोबा रंगारी होते; त्यांनी तळ्यात हात धुतले आणि पाणी प्यायलेल्या म्हशींनी निळं दूध दिलं, हे मीच सांगितलेलं. मेटगळ्ळीच्या कारखान्यात एका हातानं केबल सोलत दुसऱ्या हातानं मसाला डोसा खाल्ला, तेही. त्यात खरं किती? मी स्वतःलाही विचारत नाही. पण ही एक गोष्ट पोटात ठेवली. हिच्यात मीठमसाला घालावा लागत नाही — म्हणूनच असेल कदाचित.

माझा धंदा जमिनीखालच्या केबलचा. अकरा हजार व्होल्टची केबल रस्त्याखालून येते, तिचं टोक लोखंडी डब्यात नेऊन बांधायचं. टोकावर चढतो त्याला आम्ही एल्बो म्हणतो — कोपरासारखा वाकलेला काळ्या रबराचा तुकडा. केबलची साल काढायची, आतला काळा थर सुरीनं असा उतरवायचा की खालच्या पांढऱ्यावर ओरखडा उठू नये; पुसायचं, ग्रीस लावायचं, एल्बो चढवायचा, दाबून बसवायचा. या कामात माझा हात चांगला होता. हे वाढवून सांगत नाही. शेवटी एक बारीक काम उरतं. एल्बोच्या अंगाला छोटा कान असतो. त्यात तांब्याची तार ओवायची आणि तिचं दुसरं टोक अर्थिंगच्या पट्टीला बांधायचं. आईनं पोराच्या शर्टाचं शेवटचं बटण लावावं, एवढंच. ती तार असली की वरचं रबर गरीब गाय. हात लावा, काही होत नाही. ती नसली तर तेच रबर जिवंत. आणि बघणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही.

मैसूरच्या गोकुलम भागात नवी लाइन टाकत होते तेव्हाची गोष्ट. हिरवा डबा कोपऱ्यावर बसवला, नेमका सरोजाअक्काच्या कंपाउंडला लागून. अक्का म्हणजे आमच्या ओळखीतली, शाळेतून रिटायर झालेली बाई. लग्न केलं नाही, धाकट्या भावाच्या, दत्तूच्या घरी राहायची. आमच्या पिढीला शाळेत कन्नड. घरची मराठी तोंडात यायची, कागदावर नाही. अक्कानं आम्हा पोरांना रविवारी ओसरीवर बसवून अक्षरं गिरवायला लावली. हे मी लिहितोय ते तिच्यामुळे — हेही इथे नोंदवून ठेवायला हवं. हवंच.

त्या दिवशी एल्बो तीन बसवायचे होते. दोन झाले. तिसरा हातात होता आणि तोंडात गोष्ट होती — एच. डी. कोटेच्या जंगलात वाघानं चालू केबल चावली आणि त्याच्या अंगावरचे पट्टे उडून बिचारा नुसता पिवळा राहिला, ती. गँगची माणसं पोट धरून बसली होती. गोष्ट रंगात आली की मी थांबत नाही. एल्बो बसवला, पट्टे उडवले, सगळे हसले, मी दार लावलं. लाइन चालू झाली.

घरी शर्ट काढताना खिशात तांब्याची तार लागली. उरलेला तुकडा असेल, म्हणालो. पण तिची दोन्ही टोकं मी स्वतः सोलून ठेवलेली होती. उरलेल्या तुकड्याची टोकं कोण सोलतं?

तेव्हाच सांगायचं होतं. काय झालं असतं? लाइन बंद करायला परवानगी लागते, परवानगीला कारण लागतं, कारणाला नाव लागतं. आणि मी गावभर सांगत फिरायचो की माझं बांधलेलं टोक आजवर कुणाला उघडावं लागलं नाही. त्या एका वाक्यावर माझी कामं चालायची. ते वाक्य मला अक्कापेक्षा — थांबा, तिथे यायचंय अजून.

पावसाची भुरभुर सुरू झाली आणि अक्कानं मला बोलावून घेतलं. तिच्या खोलीची खिडकी त्या डब्याच्या बरोब्बर वर. म्हणाली, डबा बोलतो. सगळ्यांना ऐकू येत नाही. रस्त्यावरून तर नाहीच, गाड्यांत विरून जातं. सकाळी हवा दमट असली की खिडकीत स्पष्ट येतं. कसं, म्हणून मी विचारलं, तर तिनं दातांना जीभ लावून काढून दाखवलं — बारीक, लांबलचक, मध्येच अडखळणारा सुस्कारा. ओल्या लाकडातून वाफ निघावी तसा. मी खाली जाऊन दाराला कान लावला. पत्रा गार होता. आणि आत कुणीतरी माझ्या कानाशी तोंड आणून श्वास सोडत होतं. विजेच्या कडाडानंतर हवेला येतो तसा वास. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी ओळखलं ना. ते रबर जिवंत झालं होतं आणि जवळच्या लोखंडाला चाटत होतं.

वर येऊन म्हणालो, काही नाही अक्का, सुम्ने, उगीच तुम्हाला वाटतंय.

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण मी थांबणारा माणूस नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे लोक विचारू लागले, लाइनवाले, त्या डब्यात काय आहे हो? माझ्या तोंडून गोष्ट निघाली. तिथे पूर्वी विहीर होती. नवी नवरी पाणी भरायला आली आणि वर आलीच नाही. विहीर बुजवली, वर डबा ठेवला. ती खालून विचारते, वर कुणी आहे का? अशी विहीर तिथे कधीच नव्हती. मी ती चहाचा पेला संपेपर्यंत खणली.

आठवडा गेला नसेल, डब्यासमोर लिंबू आलं. मग हळदकुंकू, मग शेवंती. पोरं त्या बाजूनं पळत जाऊ लागली. लोकांना ती ऐकू येऊ लागली — ज्यांना सुस्कारासुद्धा ऐकू गेला नसता त्यांना पैंजण ऐकू आले. योगाच्या क्लासला आलेली एक गोरी मुलगी डब्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, इथे फार शांत स्पंदनं आहेत. तिला कुणी वेडी म्हटलं नाही. मी मनाशी म्हणायचो, बरंच झालं, देव्व आहे, भूत आहे म्हणून कुणी हात तर लावणार नाही. पण देव्वाला न भिणारा एखादा आमच्याच लाइनचा माणूस दार उघडील, विश्वासानं हात ठेवील आणि तिथेच पडेल, हेही मला ठाऊक होतं. मी रोज तिथून जायचो. रोज ऐकायचो.

अक्का मात्र हटेना. ती म्हणायची, भूतबीत काही नाही, आत काहीतरी जळतंय, नागूला उघडायला सांगा. दत्तूला ते नको झालं. एका बाजूनं गल्ली घरासमोर उदबत्त्या लावते, दुसऱ्या बाजूनं बहीण पहाटेपासून खिडकीशी उभी राहते, जेवायला बोलावलं तरी हलत नाही. बँकेतला माणूस तो, त्याला दोन्हीची लाज वाटायची. शेवटी त्यानं मला घरी बोलावलं. सकाळची वेळ, बाहेर सगळं ओलं. खिडकी उघडी. दत्तू, त्याची बायको, मी, आणि अक्का खाटेच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकायला बसलेल्या पोरीसारखी.

दत्तू म्हणाला, "नागू, तू लाइनवाला. गोष्टी नकोत आज. आवाज आहे का नाही, एवढंच सांग."

सगळ्यांनी कान दिले. आणि खिडकीतून तो आला. बारीक, लांब, अडखळत. अक्कानं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला — मला ऐकू आलं हे तिला दिसलं होतं. माझ्या डोळ्यांत दिसलंच असणार.

मी म्हणालो, "नाही."

ही माझी कबुली. ती तार विसरणं ही चूक, चुका होतात. विहीर खणणं हा माझा स्वभाव. पण ते "नाही" मी जाणून म्हणालो, तिच्या डोळ्यांत बघून, आवाज चालू असताना.

अक्का डोकं जरा एका बाजूला कलतं करून ऐकत राहिली — खिडकीचं नव्हे, स्वतःच्या आतलं काहीतरी तपासावं तसं. मग म्हणाली, "अस्सं."

डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या. खिडकीला फळ्या मारल्या. गोळ्यांनी ती दिवसा झोपायची आणि उठली की विचारायची, आत्ता वाजलं ते भांडं खरंच पडलं ना? दाराची कडी वाजली तर कुणीतरी हो म्हणेपर्यंत उघडायची नाही. पुढे दत्तूनं तिला एच. डी. कोटेला भाचीकडे ठेवलं. तिकडे शांत असतं, म्हणाला.

ती कोटेला गेल्यावर बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या कुठल्या कामासाठी ती लाइन बंद होणार होती. मी आपणहून गेलो. दार उघडलं. तिसऱ्या एल्बोच्या अंगावर पांढरी भुकटी बसली होती आणि रबराला देवीचे व्रण असावेत तशी भोकं पडली होती. मी तो काढला, नवा बसवला, तार बांधली. कुणी विचारलं नाही. काम संपायला बिडी ओढायला लागतो तेवढा वेळ लागला. त्यानंतर डबा गप्प झाला. गल्लीनं मानलं, नवरीला मुक्ती मिळाली. फुलं मात्र अजून येतात.

मी कोटेला गेलो होतो एकदा. सांगायला म्हणूनच गेलो. अक्का वाळली होती, केस बारीक कापलेले. मला ओळखून हसली. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "इथेही येतो रे तो. पण आता मी भीत नाही. तू सांगितलंस ना, नाही म्हणून. आला की मी तुझं नाव घेते, नागू म्हणाला नाही, नागू म्हणाला नाही. मग जरा बरं वाटतं."

सांगा, काय करायचं? मी काय केलं ते सांगतो. मी तिला पट्टे उडालेल्या वाघाची गोष्ट सांगितली. ती पदर तोंडाला लावून हसली. मी शेवटच्या बसनं परत आलो.

पुढच्या पावसाळ्याच्या आत ती गेली. तेराव्याला सगळी मंडळी दत्तूकडे जमली. जेवणं उरकली, माणसं जरा सैलावली, कुणीतरी खुर्ची पुढे केली — ती डब्यातल्या बाईची सांग रे. मी दत्तूकडे बघितलं. तो म्हणाला, सांग, घरात जरा हलकं वाटेल. मी सांगितली. चांगली सांगितली. एका नव्या सुनेनं विचारलं, पण मामा, आवाज कसा यायचा तिचा? आणि मी — विचार न करता, गोष्टीच्या नादात — दातांना जीभ लावली आणि तो काढून दाखवला. बारीक, लांब, मध्येच अडखळणारा. हुबेहूब.

सगळे शहारले, मग हसले. दत्तू हसला नाही. तो खाली बघत होता. हळूच म्हणाला, "अक्का असाच काढून दाखवायची."

मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तो वाट बघत होता.

मी दुसरी गोष्ट सुरू केली.