मौनीबाईंची चाचणी

ऑफिसात तिला सगळे मौनीबाई म्हणत. घरच्यांना हे नाव कळलं तेव्हा नवरा हसून लोळायचाच बाकी होता, कारण घरी तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की कुणाची बिशाद नव्हती मध्ये बोलायची. पण खोटं काही नव्हतं. तिचं कामच गप्प बसायचं होतं.

तिच्या कंपनीत घरातले दिवे, पंखे, दारं चालवायची नवी उपकरणं बनत, आणि ती साध्या माणसांना झेपतात का हे ती पाहायची. त्यासाठी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं एक लुटुपुटूचं घर उभारलेलं होतं. पलंग खरा, बेसिन खरं आणि कोपऱ्याकोपऱ्यांत कॅमेरे. बाहेरची माणसं बोलावायची, "पंखा जरा कमी करा," एवढंच सांगायचं आणि मूग गिळून बघत राहायचं. समोरचा भिंत चाचपतोय, घामाघूम होतोय, आपल्याला उत्तर पाठ आहे, आणि तरी तोंड उघडायचं नाही! तुम्हीआम्ही अर्ध्या मिनिटात उठून बटण दाबून दिलं असतं. ती उठायची नाही.

इंजिनिअर लोक किती सेकंद लागले ते मोजत. ती माणूस किती वेळा "सॉरी" म्हणाला ते मोजायची. दिवा लागला नाही तर गुन्हा दिव्याचा, माफी माणसाने का मागायची, असं तिचं म्हणणं. एकदा तिने खुद्द साहेबांना साबणाने बरबटलेल्या हातांनी बेसिनवरचा दिवा लावायला सांगितलं. साहेब सात वेळा सॉरी म्हणाले. ते उपकरण पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडलं नाही.

अशा बाईचे वडील एका संध्याकाळी अंधारात बटण शोधताना पडले. हाड मोडलं नाही, पण दुसऱ्या शहरातला मोठा भाऊ धावत आला. बाबा एकटे राहत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, त्या बारीक कामाने डोळे अधू झाले होते. लांबचं ठीक दिसे, जवळचं बारीक काही दिसत नसे. दादा म्हणाला, "बाबांना मी माझ्याकडे नेतोय. बस्स झालं." दादा वाईट नव्हता, घाबरलेला होता. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

तिने दादाकडून महिन्याची मुदत मागून घेतली. कंपनीत तेव्हा एक चकती तयार होत होती. तळहाताएवढी, गुळगुळीत, पलंगाशेजारच्या भिंतीवर बसवायची. फिरवली की कडेला बारीक चित्रं उजळत जात: दिवा, पंखा, दार. हवं ते चित्र आलं की दाबायचं. त्यातली एक तिने बाबांच्या घरी बसवली. बोलूनही चालवता येई, पण बाबांनी ते पहिल्याच दिवशी उडवून लावलं. "भिंतीशी बोलायला मला वेड लागलंय का?"

घरच्या माणसावर चाचणी घ्यायची नाही, हा नियम तिनेच घातलेला होता. तो तिने मोडला. तीन आठवडे रोज ऑफिस सुटल्यावर ती बाबांकडे जायची, कोपऱ्यात कॅमेरा लावून समोरच्या खुर्चीत बसायची आणि सांगायची, "दिवा लावा. आता पंखा." बाबा चकती फिरवत आणि बरोबर जागी दाबत. साठपैकी साठ! एकदाही सॉरी नाही. दादा फोनवर म्हणाला, "मग राहू दे त्यांना तिथेच." साहेबांनी चकती बाजारात आणायची तारीखही ठरवली.

अहवाल लिहिण्याआधी सगळं चित्रण पुन्हा बघायची तिची सवय होती. रविवारी दुपारी ती बघायला बसली आणि दहाव्या मिनिटाला तिच्या पायाखालची जमीन सरकली. बाबा चकतीकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. चकती बरोबर जागी आली की खुर्चीतल्या मौनीबाईंची मान हळूच हलायची. हं, इथेच. साठच्या साठ वेळा. इतकी वर्षं परक्यांसमोर जी मान दगडासारखी राहिली, ती बापासमोर हलली होती.

हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. सांगितलं तर बाबा निघाले होते घर सोडून. ती त्या दुपारी खूप रडली, आणि सोमवारी साहेबांच्या समोर उभी राहिली. "साहेब, साठही चाचण्या रद्द करा. उत्तरं मी देत होते."

"अहो बाई, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

माझ्या मते एवढ्या तीन शब्दांसाठी तिला कुणीतरी हार घालायला हवा होता. साहेबांनी तारीख पुढे ढकलली आणि आठवडाभर तोंड वाकडं केलं. सोमवारीच तिने दादालाही फोनवर खरं ते सांगितलं आणि बाबांचं जाणं पुन्हा ठरलं.

संध्याकाळी ती बाबांकडे गेली, या खेपेस स्वयंपाकघरात भिंतीआड बसली आणि तिथून सांगू लागली. दिवा म्हटलं की पंखा लागे, पंखा म्हटलं की दार उघडे. बाबा अकरा वेळा सॉरी म्हणाले. ती बाहेर आली आणि चिडलीच. "दिसत नाही तर सांगितलं का नाही?"

"तू इतकी खुशीत होतीस," बाबा म्हणाले. "वाटलं, आपल्यामुळे पोरीचं काम अडायला नको."

मग बाबा चकतीवरून बोट फिरवत कुरकुरले, "पण हे बनवलंय कुणी? कुठे खाच नाही, कुठे अटकाव नाही. बोटाला कसं कळणार, आपण कुठे आलो ते?" आणि त्यांनी जुनी कानस मागितली. तिने जागा दाखवल्या: दिव्यापाशी एक खाच, पंख्यापाशी दोन, दारापाशी तीन. डोळे मिटून पाडल्या, सरळ आणि सारख्या. इंजिनिअर लोकांनी दुसऱ्या दिवशी त्या खाचांची मापं घेतली. त्यांच्यातल्या सहा जणांना जे सुचलं नव्हतं ते तिथे होतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दादा आला. बाबांचे कपडे त्याने बॅगेत भरून ठेवले होते. भाऊबहीण जिन्यात उभे राहिले, बंद दाराबाहेर. ती फोनवरून सांगत होती, दादा दारावरच्या काचेतून दिवा-पंखा बघत होता आणि बोटांवर मोजत होता. वीस वेळा सांगून झालं. एकोणीस बरोबर. शेवटचं ती म्हणाली, "बाबा, दार उघडा."

कुलूप खटकन सरकलं. बाबा पलंगावर बसलेले होते. दादा आत गेला आणि बॅगेतले शर्ट परत कपाटात लावू लागला. बाबांनी लेकीकडे बघितलं.

"आता तू रोज यायची गरज नाही," ते म्हणाले.

याच वाक्यासाठी ती महिनाभर झटली होती. ऐकल्यावर मात्र ती समोरची खुर्ची ओढून बाबांजवळ बसली.