अप्पा घरी आहेत

तमाम आप्तेष्टांना आणि जिन्यातल्या शेजाऱ्यांना कळवण्यात येते की, इंटरनेटची कंपनी बदलावी की नाही, या गंभीर प्रश्नाचा निकाल आमच्या घरात आज लागणार आहे.

जुनं नेट आभाळ भरून आलं की आजारी पडतं. लेकीची नोकरीची मुलाखत ऐन रंगात असताना तुटली, तेव्हापासून तिने बंड पुकारलंय. पण आमच्या वायफायचं नाव आहे ‘अप्पा घरी आहेत’. माझ्या वडिलांनीच ते ठेवलं. आम्ही गावाला गेलो की चोराने ते मोबाइलवर वाचावं आणि आल्या पावली परत जावं, अशी त्यांची योजना! चोर काही आला नाही. अप्पा मात्र गेले.

आता बाजारातून परतताना फाटकापाशीच मोबाइल घरचं नेट पकडतो आणि पडद्यावर उमटतं, अप्पा घरी आहेत. मी अजूनही चपला आवाज न करता काढतो. गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकता येतात. भिंतींतून आरपार जाणारं हे असणं कुणाला द्यायचं?

नव्या कंपनीचा माणूस आला. लेकीने अडचण सांगताच तो आईला म्हणाला, “एवढंच ना, आजी? नव्या डब्यालाही तेच नाव देतो की!”

लेकीने टाळी वाजवली. आई जुन्या डब्याच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, “नाव द्याल हो, पण आमचे हे तिकडे राहायला गेले नाहीत तर?”