काठी घेणाऱ्याने मागे पाहू नये

नाशिकहून पालघरला जाणारी एसटी त्र्यंबक मागे टाकून जव्हारच्या वळणांना लागली, तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता. बँड ऐकायला माणसाने इतका प्रवास करू नये. बँड आपल्या घराखालून न बोलावता जातोच.

पण बोलावणारा नरेश होता. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. पुढे तो पालघरजवळच्या माहीमला, आपल्या वाडीत (बागायतीत) परतला आणि गावाच्या ड्रम-बिगुल पथकाचा प्रमुख झाला. आता गुडघ्याने असहकार पुकारल्यामुळे तो पद सोडणार होता. "नवीन माणूस ठरायचाय. परीक्षा हाय. ये बघायला," असं तो फोनवर म्हणाला. गणवेश, शिट्ट्या आणि छातीवरच्या झालरी यांच्याबद्दलचं माझं मत त्याला ठाऊक आहे. बहुधा म्हणूनच बोलावलं असावं.

विक्रमगडपर्यंत दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं आणि उघडे डोंगर. मनोर ओलांडलं की हवा बदलते, अंगाला किंचित चिकटते. पालघरहून रिक्षाने माहीमकडे निघालो तसे नारळ, केळी आणि पानवेलींचे मांडव सुरू झाले. पानवेलीच्या मळ्यात सावली इतकी दाट असते की भर दुपारी कुणीतरी दिवा मालवल्यासारखं वाटतं.

वहिनींनी जेवायला उकडहंडी केली होती (कंद, वाल, शेंगा मडक्यात भरून, तोंड बंद करून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात). पहिल्या घासाला प्रवासाचं कारण सापडलं. पथकाचं निमित्त नंतरही पाहता आलं असतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली सराव होता. पथकात वाडीवाले, कोळीवाड्यातले, बोईसरच्या कारखान्यांत काम करणारे आणि डोंगराकडच्या पाड्यांवरून येणारे असे सगळे. नरेश वाळूत खुर्ची टाकून बसला आणि मला नियम सांगू लागला. ड्रम उघड्या जमिनीवर ठेवायचा नाही, खाली पोतं हवं. ड्रम ओलांडायचा नाही. डोक्यावर टोपी असताना काही खायचं नाही. नव्या माणसाने पहिलं वर्षभर बिगुल फक्त पुसायचा, फुंकायचा नाही. कुणी सरावाला आला नाही तर रांगेतली त्याची जागा मोकळी ठेवायची. शेजाऱ्याने सरकून ती भरायची नाही.

"ही मोकळी जागा कशासाठी?"

"म्हणजे न आलेल्याची लाज सगळ्यांना दिसते."

हा नियम आमच्या नाशिकच्या एकदोन संस्थांना लावला तर सभागृहात फक्त जागाच दिसतील, असं मी म्हणालो.  नरेशचं लक्ष समोर होतं. तिथे एक मध्यम वयाची बाई पितळी मुठीची, तिच्याहून हातभर उंच काठी घेऊन चालत होती आणि मागून सगळं पथक येत होतं. काठी वर गेली की पथक थांबे, पुढे झुकली की चालू लागे. तोंडाने एकही हुकूम नाही.

ही सुनीता. बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे आणि आठवड्याच्या सुट्टीला पाड्यावरून इथे येते. लहान होती तेव्हा झांजा घेऊन पथकात आली. काठी म्हणजे प्रमुखपद; आजवर एकाही बाईने ती घेतली नव्हती, आणि उद्या बोईसरच्या बाजारातून पथक नेण्याची परीक्षा तिची होती.

"अवघड काय आहे त्यात?"

"काठी घेणाऱ्यानं मागं बघायचं नाय," नरेश म्हणाला. "सुरुवातीपासून बाजारापल्याडच्या मैदानापर्यंत. एकदा मान वळली की काठी गेली. पुन्हा कदीच नाय. दुसरी परीक्षा नसते."

नियमाचं कारण मी तिघांना विचारलं आणि मला तीन उत्तरं मिळाली. एकाच्या मते ही पलटणीतली रीत आहे. दुसऱ्याच्या मते मागे पाहिलं तर वाजवणाऱ्यांचा अपमान होतो. मोठा ड्रम वाजवणारे दत्तूमामा, कोळीवाड्यातले, आवाज ड्रमपेक्षा मोठा, ते म्हणाले, "पुढच्यानं मागं बघितलं की मागच्याला वाटतं कायतरी चुकलं. मग खरंच चुकतं." परंपरेचं हे एक बरं असतं. कारण विसरलं गेलं की ती पक्की होते.

"जमेल तिला?" मी नरेशला हळूच विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "ती काळजी करणारी बाय हाय. वळणार ती."

सकाळी दोन टेम्पोंतून निघालो. उमरोळीला चहासाठी थांबलो. सगळ्यांनी आधी टोप्या काढून काखेत मारल्या आणि मगच वडापावाला हात लावला. गर्दीतल्या एकाही नेत्याला मी जेवणापूर्वी पद बाजूला ठेवताना पाहिलेलं नाही, त्यामुळे ही रीत मला आवडली. दत्तूमामा सुनीताला चिडवत होते. "सुने, आज मान धर हां घट्ट! पायजे तर फळी बांधतो मागून."

"तुमच्या जिभेला बांधा मामा," सुनीता म्हणाली. "तुमची बडबड ऐकूनच माणूस मागं वळतो."

पुन्हा टेम्पोत चढताना माझ्या हातून गुन्हा घडला. आत शिरायला वाट नव्हती, म्हणून मी पोत्यावर ठेवलेल्या एका ड्रमवरून पाय टाकून पलीकडे गेलो. 

"गेला सायब कामातून," दत्तूमामा म्हणाले.

मला वाटलं, नारळ वगैरे फोडावा लागेल. पण शिक्षा ठरलेली होती. ड्रम ओलांडणाऱ्याने त्या दिवशी पथकाचं पाणी वाहायचं. पाण्याचा डबा घेऊन काठीवाल्याच्या बाजूने चालायचं आणि मैदान येईपर्यंत त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. मी पाहुणा आहे, असं सांगून पाहिलं.

"पावण्याचा पाय वेगळा असतो काय रे?" नरेशने विचारलं.

बोईसरचा बाजाररस्ता सकाळी कुणाच्याच बापाचा नसतो. रिक्षा, भाजीच्या गाड्या, कंपन्यांच्या बसगाड्या, खोल्यांवर परतणारे रात्रपाळीचे कामगार, सगळे एकाच वेळी आपापल्या हक्काने वाहत असतात. याच रस्त्यावर परीक्षा का, असं मी आदल्या दिवशी विचारलं होतं. वाळूत कोणीही चालतं, असं नरेशचं उत्तर होतं.

बिगुल वाजले. सुनीताने काठी पुढे झुकवली आणि निघाली. पांढरा गणवेश, टोपीला लाल तुरा. मी शेजारून डबा सांभाळत चालत होतो. पाणी माझ्या चपलांवर हिंदकळत होतं. लोक बाजूला होत होते, काही मोबाइल उगारत होते. सुनीताची नजर समोरच्या विजेच्या तारांवर कुठेतरी बांधलेली होती.

अर्धा बाजार पार झाला आणि डाव्या गल्लीतून एका कंपनीची बस बाहेर आली. मी आणि सुनीता पुढे गेलो होतो. बस आमच्या पाठीमागून, पथकाच्या पहिल्या रांगेच्या पुढ्यातून आडवी घुसली आणि समोरून आलेल्या टेम्पोने तिची वाट अडवली. बस रस्त्यावर भिंतीसारखी उभी राहिली. अलीकडे आम्ही दोघं, पलीकडे सगळं पथक.

वाद्यं थांबली. काठी दिसेनाशी झाली की वाजवायचं नाही, हाही नियमच. पण सुनीताला बस कुठे दिसली होती? तिच्या दृष्टीने मागे एकाएकी काहीच उरलं नव्हतं.

तिची पावलं अडखळली. मग तिने काठी सरळ वर उचलली, म्हणजे थांबा, आणि ती जागच्या जागी पाय उचलू लागली. एक-दोन, एक-दोन. पुढे मोकळा रस्ता, मागे हॉर्नचा कल्लोळ.

बसच्या खिडक्यांत डोकी जमली. तिच्याच कारखान्यातली माणसं होती ती. "अरे सुनीता दीदी!" एकजण ओरडला. "पीछे कोई नहीं है! सब घर चले गए!"

"अकेली ही परेड कर रही है दीदी! एक बार पीछे तो देख!"

सगळी बस हसली.  सुनीताचे डोळे समोरच होते, पण पापण्या भराभर हलत होत्या. वर उचललेली काठी किंचित थरथरत होती. पितळी मुठीचं वजन काल मी उचलून पाहिलं होतं. माझा खांदा लगेच खाली आला होता.

एक वाक्य पुरलं असतं. बस आडवी आली आहे, सगळे जागेवर आहेत. मी तोंड उघडलंसुद्धा. फुटपाथवर, बसच्या अलीकडच्या अंगाला, नरेश छत्रीवर भार देऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. खूण केली नाही, नुसतं पाहिलं. मी बोललो असतो तर परीक्षा बाद झाली असती आणि तिला दुसरी नव्हती. आयुष्यभर निरर्थक नियमांवर टोमणे मारलेल्या माणसाने तोंड मिटलं. त्या क्षणी मला तो नियम पटला होता असं नाही. पण ती तो पाळत होती आणि मोडण्याचा हक्क माझा नव्हता.

पलीकडे दत्तूमामांचा आवाज चढला. ते बसच्या पत्र्यावर तळवे आपटत चालकाच्या कुळाचा उद्धार करत होते. इतक्या गोंगाटात सुनीताला तो ओळखू आला असेल का? मला माहीत नाही. तिचं कोपर वाकू लागलं. तिने दुसरा हात लावला, काठी पुन्हा सरळ केली. पाय थांबले नाहीत.

अखेर टेम्पो मागे हटला आणि बस घरघरत निघून गेली. रस्ता मोकळा होताच पथकाला समोर पहिली दिसली ती उभी काठी. दत्तूमामांनी ड्रमवर एकच ठोका टाकला. सुनीताने डोळे मिटले आणि उघडले. मग सुटलेलं अंतर भरून काढत ठोके जवळ आले, बिगुल उठले. पहिली रांग नेमकी आपल्या अंतरावर आल्याचं पावलांच्या आवाजावरून तिने ताडलं असावं. तेव्हा कुठे काठी पुढे झुकली.

मैदानात पोचल्यावर रीतीप्रमाणे ती टाच फिरवून पथकाकडे वळली. वाटलं, आता ही रडेल. तिने रांगांवरून नजर फिरवली आणि तिचा पहिला हुकूम बाहेर पडला. "तिसऱ्या रांगेत जागा कशी सुटली? कुठं हाय तो?"

बसच्या गोंधळात एक बिगुलवाला मागे राहून केळी खात असल्याचं निष्पन्न झालं. टोपी काढून खात होता, त्यामुळे अर्धीच शिक्षा झाली.

"हात दुखला काय गं?" नरेशने विचारलं.

"नाय दादा," ती म्हणाली, आणि तो हात तिला टोपीपर्यंत नेता येईना.

मला मनोरला नाशिकची गाडी धरायची होती आणि तिचा पाडा महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच होता, म्हणून एक टेम्पो आम्हाला घेऊन निघाला. नरेशही आला. नवीन प्रमुखाच्या घरात, दाराच्या आत, काठी पहिल्यांदा जुन्या प्रमुखानेच उभी करायची असते, आणि तिथे ती आडवी पडता कामा नये. सुनीताचं घर कुडाचं, कौलारू. दाराशी छप्पर इतकं खाली की मी वाकूनच आत गेलो. नरेशने दाराच्या आत काठी लावून पाहिली. ती मावेना.

"माझ्याकडं राहू दे," तो म्हणाला. "घर उंच झालं की घेऊन जा."

सुनीताने काठीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. टोपी काढून बघायला आलेल्या एका शेजारणीच्या हातात दिली, स्टूल ओढलं, वर चढली आणि दुखऱ्याच हाताने एक कौल सरकवून काढलं. नरेशने काठी उभी केली. पितळी मूठ छपरातून बाहेर उन्हात निघाली.

"आणि पावसाळ्यात?" मी विचारलं. आता बोलायची परवानगी होती.

"पावसाला येळ हाय," ती म्हणाली. "तोवर बांधीन ना घर."

जव्हारच्या घाटात ऊन उतरत होतं. थाटामाटाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. झालरी मला अजूनही हास्यास्पद वाटतात, आणि पुढच्या समारंभातूनही मी लवकरच निघेन. नाशिकला घरी सगळ्यांनी समुद्र कसा होता ते विचारलं. समुद्र चांगला होता. पण मी सांगत राहिलो त्या छपराबद्दल, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, ती घर खरंच बांधेल का? ज्याने तो वर उचललेला हात पाहिला नाही, त्यालाच हा प्रश्न पडू शकतो.