हिवाळ्यात तोडलेलं लाकूड

पहिले नऊ दिवस ऑर्लो टेफ्टने मला घरात घेतलं नाही. दारातच उभं करायचा आणि माझ्या हातातल्या वहीकडे बघत राहायचा.

१९३२चा जुलै होता. अ‍ॅडिरॉन्डॅकच्या जंगलात, टॅमरॅक तळ्याकाठी, हॅल्सी कुटुंबाच्या उन्हाळी मुक्कामाला पन्नास वर्षं होत होती. शहरातून यायचं, दोन महिने ओंडक्यांच्या घरांत राहायचं, ट्राउट मासे तळून खायचे आणि याला रानातलं साधं जगणं म्हणायचं. चांदीचे काटेचमचे सोबत असायचे. या साधेपणाचा इतिहास लिहायला हॅल्सीबाईंनी मला नेमलं होतं. साहित्याची पदवी घेऊन मी रिकामीच बसले होते.

ऑर्लो तिथला राखणदार. वय चौसष्ट. हिवाळ्यात तळ्यातला बर्फ कापून तो भुशात साठवायचा, तेव्हा कुठे जुलैत पाहुण्यांना आइस्क्रीम मिळायचं. राहायचा सगळ्यात जुन्या घरात. ते घर थोरल्या हॅल्सींनी १८८२च्या जुलैत स्वतःच्या कुऱ्हाडीने बांधलं, असं सगळे सांगत. सप्टेंबरपासून तिथे त्यांच्या आठवणींचं दालन होणार होतं. ऑर्लोसाठी गावात कुणाच्या तरी माडीवर खोली बघून ठेवली होती.

"मोजायला आलीस ना?" दहाव्या दिवशी त्याने विचारलं.

मी म्हटलं, इतिहास लिहायला आलेय.

"तेच ते. आधी लिहितात, मग काढतात."

त्या दिवशी डासांनी मला फोडून काढलं, म्हणून त्याने आत घेतलं. दया नाही, म्हणाला, तू दारात बोंबलशील. मग मी रोज जाऊ लागले. कॉफी द्यायचा, पण वही बाहेर ठेवायला लावायचा. घराविषयी विचारलं की होड्यांच्या, झाडांच्या गोष्टी काढायचा. हा काहीतरी लपवतोय, असं मला वाटू लागलं.

एकदा होड्या ठेवायच्या छपराचे खांब बदलताना त्याने सहज सांगितलं, साल टिकवायची तर झाड हिवाळ्यातच तोडायचं. उन्हाळ्यात लाकडात रस असतो. दोन वर्षांत साल गळून ओंडका नागडा.

मी त्याच्या घराच्या भिंतीकडे बघितलं. पन्नास वर्षांची साल घट्ट होती. आणि थोरले हॅल्सी हिवाळ्यात इथे कधीच आले नव्हते.

त्याने माझी नजर पकडली. मग बोलला. घर त्याच्या बापाने, अ‍ॅसा टेफ्टने बांधलेलं. जमिनीचे कागद नव्हते. एका कंपनीने जंगल विकत घेतलं, कंपनीकडून थोरल्या हॅल्सींनी. ते म्हणाले, राहा, राखण करा, फक्त घर मी बांधलं म्हणायचं. बाप हो म्हणाला.

"तोंड उघडलं की घर गेलं," ऑर्लो म्हणाला. "आता तू उघडू नकोस."

मी उघडलं. खरं कळलं की त्याला कोण काढेल, असं मला वाटलं. हॅल्सीबाईंना मी फक्त सालीचं सांगितलं.

"टेफ्ट बोलला?" त्यांनी लगेच विचारलं.

नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मला घेऊन त्या थेट त्याच्या अंगणात आल्या.

"टेफ्ट, हे घर कोणी बांधलं?"

ऑर्लोने टोपी काढली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"थोरल्या साहेबांनी, बाई. जुलैत. मी इथंच उभा होतो."

हॅल्सीबाई भिंतीपाशी गेल्या. सालीच्या कडेत नख घातलं, ओढलं. साल हलली नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि रुमालाला पुसला.

"दालनाचं राहू दे," त्या म्हणाल्या. "उगाच लोक येऊन भिंती चाचपत बसतील. टेफ्ट राहील इथेच." मग मला म्हणाल्या, "सालीबद्दल एक ओळही नको."

त्या गेल्यावर मी त्याला विचारलं, खोटं का बोललात? मी होते ना साक्षीला.

"खरं बोललो असतो तर घर बापाचं ठरलं असतं. मग करार मोडला म्हणून मी माडीवर गेलो असतो."

एवढं बोलून त्याने मला सरपण रचायला लावलं. येत्या हिवाळ्याचं.