पनामा कालव्याची दिशा

आमच्या तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेत भेटलेल्या त्या म्हाताऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. पण ती दुपार आठवली की आजही स्वतःच्याच रागानं अंगाचा तिळपापड होतो.

"अटलांटिकमधून पनामा कालव्यानं पॅसिफिककडे जाणारं जहाज कोणत्या दिशेला जातं?" परीक्षकांनी विचारलं.

"आग्नेयेला," सातवीतली एक मुलगी म्हणाली.

परीक्षकांनी पुस्तकात पाहिलं. "चूक. पश्चिमेला."

"सर, मी नकाशात बघितलंय."

तिचं कुणी ऐकेना, तेव्हा मागच्या बाकावरून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि त्या मुलीकडे बोट करून म्हणाला,

"चेडू बरोबर सांगता. मी बोटीर खलाशी होतंय. थंयसून जाताना सकाळचो सूर्य आमच्या समोर होतो."

"चाचा, बसा. इथे पुस्तकातलं उत्तर चालतं."

ते बसले नाहीत. मुलीचा नकाशासंग्रह घेऊन पुढे आले आणि जाड बोट कालव्यावर ठेवून, आवाज न चढवता म्हणाले, "तिना नकाशो बगल्यान. तुमी नुसती उत्तरां वाचलास."

परीक्षक घड्याळ बघत राहिले. गावात कुणी जग फिरून आला, तरी आम्हाला त्याच्यापेक्षा छापील ओळ मोठी वाटते.

मग चाचा माझ्याकडे वळले. गुण लिहायला मीच बसलो होतो. "मास्तर, तुमका दिसता मा?"

"हो," मी हळूच म्हणालो.

"मगे जोरान सांगा."

परीक्षक माझेच मुख्याध्यापक होते. मी मान खाली घातली आणि त्या मुलीच्या नावापुढे शून्य लिहिलं.