आर्नायोक आजीचं सातवं तुक्तू

वेरा आव्हाला ही बाई एक्कावन्न वर्षांची झाली, तरी तिच्या नावावर तुक्तूची एकही शिकार नव्हती. कोळीवाड्यात जन्मून कधी जाळं न टाकावं, तसं उत्तर ध्रुवाकडच्या बेकर लेक गावात हे लाजिरवाणं. आणि नवल असं की, वेराच्या तोंडी दिवसभर तुक्तूच असे.

ती विमानतळाच्या रेडिओवर काम करायची. तुक्तू हा गावच्या बोलीतला शब्द; पुस्तकी इंग्रजीत या शिंगाळ हरणाला कॅरिबू म्हणतात. नियमांच्या वहीतही तोच शब्द आहे. बावीस वर्षांत वेराने तो एकदाही उच्चारला नाही. धावपट्टीवर तुक्तू आहेत, वरच थांबा, असं ती खणखणीत इंग्रजीत सांगे आणि त्या एका शब्दाला इंग्रजी मुकाट्याने सरकून जागा देई. दक्षिणेतून आलेल्या एका नव्या वैमानिकाने विचारलं होतं की, तुक्तू कोणत्या कंपनीचं विमान?

"चार पायांचं. परवानगी न विचारता उतरतं," वेरा म्हणाली. आठवड्याभरात तोही वरून तुक्तू मोजून सांगायला लागला.

पण मोजणं वेगळं, मारणं वेगळं. तेराव्या वर्षी तिने एकच गोळी झाडली होती. ती दगडाला लागली. पुढे सायलसशी लग्न झालं. तो पट्टीचा शिकारी, त्यामुळे घरात मांस येत राहिलं आणि बंदूक उचलायची गरज तिला कधी पडली नाही.

गरज होती ती गावच्या दाईला, आर्नायोक आजीला. वेरा तंबूत जन्मली, ती या आजीच्या हातांवर. गावचा रिवाजच असा, दाईने ज्या बाळाची नाळ कापली, त्याची पहिली शिकार तिची, सगळीच्या सगळी. आजीने सात नाळा कापल्या होत्या आणि सहा पहिली तुक्तू खाल्ली होती.

"सहाजणांनी आणून दिलं," आजी चहा पिताना चारचौघांत सांगायची, "सातवी रेडिओवरून नुसता वास देते."

आता आजी नव्वदीला टेकली होती. गुडघे गेले होते. शुक्रवारच्या विमानाने ती रँकिन इनलेटला लेकीकडे कायमची जायची होती. सप्टेंबरातल्या त्या गुरुवारी सकाळी वेरा एकटीच रेडिओपाशी बसली होती आणि साडेदहाच्या सुमारास समोरची टेकडी हलायला लागली.

टेकडी नव्हेच ती, कळप होता! शेकडो पाठी उतारावरून ओघळत होत्या. वेराच्या हातातला चहा वहीवर सांडला. तिने सायलसला फोन लावला. बारा वाजता सुटते, बंदूक घेऊन ये आणि तू एकही गोळी झाडायची नाहीस, असं तिने बजावलं. सायलसने काळजीने विचारलं, ताप तर नाही ना?

साडेबाराला दोघं खडकाआड पालथी पडली होती. वारा तोंडावर होता. कळप इतका जवळून चालला होता की, चालताना त्यांच्या पायांतून निघणारी टकटक ऐकू येत होती. तिने नेम धरला आणि चाप ओढला.

"दगड मेला," सायलस कुजबुजला. "छान मेला."

"गप बस."

कळप बिथरला. एक जवान नर मात्र मान वळवून, आवाज कोणी केला ते बघत थांबला. वेराने पुन्हा चाप ओढला. या वेळी तो गुडघ्यांवर बसला आणि कलंडला. वेरा उठून धावत सुटली, बंदूक खडकावरच विसरून. सायलसही धावला, आणि पन्नाशी उलटलेली ती दोघं टुंड्राच्या उघड्या माळावर एकमेकांना मिठी मारून नाचली.

मांस, कातडं, जीभ, काही मागे ठेवलं नाही. चार जाड चाकांच्या होंडा फटफटीला जोडलेली गाडी भरून वेरा थेट आजीच्या दारात आली. आजी आपल्या बांधलेल्या खोक्यांमध्ये बसली होती. खिडकीतून तिने गाडीकडे पाहिलं, वेराच्या बाह्यांवरचं रक्त पाहिलं आणि काठी न घेताच पायऱ्या उतरली. तुक्तूच्या पाठीवरच्या चरबीत तिने अंगठा दाबला. दोन बोटं जाड होती.

"उशीर केलास पोरी," ती म्हणाली. "पण जाड आणलंस."

मग एकच धांदल उडाली. आजीचा अर्धचंद्री सुरा खोक्यात गेला होता, म्हणून तिने तीन खोकी फाडली. जमिनीवर पुठ्ठा पसरला, शेजारी गोळा झाले. आजी वाटे घालत होती, खात होती, हसत होती. वेराचा हात सवयीने एका तुकड्याकडे गेला, तशी आजीने त्यावर चापट मारली. पहिल्या शिकारीतलं शिकाऱ्याने खायचं नसतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला, उद्या वेळेवर निघ म्हणून. हे सगळं वाळवून झाल्याशिवाय मी हलत नाही, बर्फ पडल्यावर बघू, असं सांगून आजीने फोन वेराच्या हातात कोंबला.

तिकीट रद्द करायला वेराने विमान कंपनीच्या कचेरीत इंग्रजीत फोन केला. तिथली मुलगी दक्षिणेतली, गावात येऊन तिला जेमतेम वर्ष झालेलं. कारण लिहावं लागेल, ती म्हणाली.

"तुक्तू," वेराने सांगितलं.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. त्या मुलीने कसलंच स्पष्टीकरण मागितलं नाही. तिने एवढंच विचारलं, "माझ्यासाठी उरेल का हो थोडं?"

"आजीला विचार," वेरा म्हणाली. "मला तर बोटसुद्धा लावू देत नाहीये."